काकाजींची अँजिओग्राफी

नागपूर

प्रिय अविनाश,

काकाजींना दाखवलं तो दवाखाना डॉक्टरांच्या मालकीचा, म्हणून तुझं मन साशंक झालंय. धंतोली-रामदासपेठेतले कितीतरी दवाखाने डॉक्टरांनीच कर्ज काढून उभे केलेत. तेवढ्यावरून कोणाला दोष देऊ नकोस. अमेरिकेने 2010 च्या आरोग्य कायद्यात डॉक्टर-मालकांच्या नव्या रुग्णालयांना मेडिकेअरचे, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचे, दार बंद केलं आणि जुन्यांची वाढ रोखली. तिथला आक्षेप असा की मालक-डॉक्टर सोपे, फायद्याचे रुग्ण ठेवून घेतात आणि गुंतागुंतीचे दुसरीकडे धाडतात. पण कंपनीच्या रुग्णालयातही खाटा भरायच्याच असतात, म्हणून नुसती मालकी बदलून प्रश्न सुटत नाही.

खरी अडचण सल्ला देणारा आणि त्या सल्ल्यावर कमावणारा एकच असण्यात आहे. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांत कट, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दलचं कमिशन, घेणं निषिद्ध आहे. स्वतःच्याच कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी आणि स्टेंटच्या खोलीत, रुग्ण पाठवायला मात्र कट लागतच नाही!

ही गाठ अँजिओग्राफीच्या, म्हणजे हृदयाच्या धमन्यांतला अडथळा पाहण्याच्या तपासणीच्या, टेबलवर सगळ्यात घट्ट बसते. रुग्ण आत, तुम्ही बाहेर, आणि निरोप येतो, 'ब्लॉक आहे, आत्ताच स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) टाकू.' हार्ट अटॅक चालू असेल तर क्षणभरही थांबू नकोस, सही कर. काकाजींना मात्र चढ चढतानाच छातीत भरून येतं आणि विसावल्यावर बरं वाटतं. अशा स्थिर दुखण्यात थांबायला वेळ असतो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' नावाच्या अभ्यासात अशाच स्थिर दुखण्याचे 5,179 रुग्ण होते. त्यात नुसत्या औषधांच्या तुलनेत, औषधांसोबत लगेच अँजिओग्राफी आणि स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू किंवा झटके ठळकपणे कमी झाले नाहीत, छातीचं दुखणं मात्र अनेकांचं कमी झालं. हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असला तर हा हिशेब लागू नाही.

म्हणून संमतिपत्रावर आधीच 'फक्त अँजिओग्राफी' असं लिहायला सांग. नंतर अँजिओग्राफीची सीडी माग. कागदपत्रं मागितल्यापासून 72 तासांत द्यायची असतात. ती सीडी घेऊन मेडिकलच्या, म्हणजे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, सुपर स्पेशालिटी रुग्णालयात जा, किंवा काकाजींच्या उपचाराशी ज्याचा काही संबंध नाही अशा हृदयरोगतज्ज्ञाकडे. अडथळा मधल्या मापाचा, साधारण 50 ते 70 टक्के, असेल तर एफएफआर, म्हणजे अडथळ्यापुढे रक्ताचा दाब किती टिकतो ते माप, मोजला का ते विचार. आकडा 0.80 च्या वर असेल तर स्टेंटची घाई सहसा नसते.

टाकायचाच ठरला तर बिलात स्टेंटचं नाव, बॅच आणि किंमत वेगळी लिहून घे. फेब्रुवारी 2017 मध्ये औषधी (औषधाचा लेप असलेल्या) स्टेंटवर 29,600 रुपयांची मर्यादा आली. नंतर ती बदलत गेली, तेव्हा आजचा आकडा तपासून घे. खोक्यावरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेलं हवं. आपल्या राज्यात 2021 च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. भरती करण्याआधीच त्या फलकाचा फोटो काढून ठेव, बिलावर वाद झाला तर तोच कामी येतो.

सीडी हातात आली की कळव. काकाजींच्या गोळ्या तोवर बंद होऊ देऊ नकोस.

तुझा,
सुधीर