बाबांच्या डाव्या हाताविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल व्हिडिओ कॉलवर बाबा शर्टाचं बटण लावत होते. डाव्या हाताच्या चिमटीत बटण आलं होतं, काजापर्यंत पोचलंही होतं. बोटं थरथरत होती. तेवढ्यात आई, तुझा हात मध्ये आला आणि बटण लागलं. तुझा जीव तुटतो, ते कळतं मला. तरी सांगते, तू थांबायला हवं होतंस गं.

फिजिओथेरपिस्टशी परवा सविस्तर बोलले. पक्षाघाताच्या झटक्यानंतर सुरुवातीला हात ऐकत नाही, प्रत्येक प्रयत्न फसतो. मग माणूस नकळत सगळं दुसऱ्या हाताने उरकायला लागतो. पुढे दुबळ्या हातात ताकद येऊ लागली तरी ती सवय सुटत नाही, हात नुसता मांडीवर पडून राहतो. बाबा, तुमचा राहतो तसाच. एडवर्ड टॉब या शास्त्रज्ञांनी यावर उपाय शोधला: चांगल्या हाताला जाड मोजा घालायचा आणि कामं दुबळ्या हाताकडून करवून घ्यायची. अमेरिकेत 222 रुग्णांना दोन आठवडे हे उपचार दिले, किंवा नेहमीचेच चालू ठेवले, आणि दोन्हींची तुलना केली. निष्कर्ष 2006 साली आले. मोजावाल्यांचा हात जास्त सुधारला होता, वर्षानंतरही फरक टिकून होता. त्या सगळ्यांच्या झटक्याला तीन ते नऊ महिने होऊन गेले होते. म्हणून बाबा, ‘आता काय व्हायचंय’ हे तुमचं म्हणणं मला मुळीच मान्य नाही.

यासाठी रोज दवाखाना गाठायलाच हवा असंही नाही. 2019 साली छापून आलेल्या एका अभ्यासात 124 रुग्ण होते. काहींनी दवाखान्यात, काहींनी घरीच थेरपिस्टच्या ऑनलाइन देखरेखीखाली हाताचे व्यायाम केले. 70 मिनिटांची एकेक, अशी 36 सत्रं. घरी व्यायाम करणाऱ्यांची सुधारणा कुठेही कमी पडली नाही.

मोजा मात्र आपल्या मनाने घालायचा नाही. मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता यायला हवीत, ते थेरपिस्ट बघून सांगतील. चालताना, जिन्यावर तर नकोच, तोल गेला तर सावरायला चांगला हात मोकळा हवा. तोवर बसल्या बसल्या टॉवेलची घडी घाला, कपड्यांचे चिमटे डब्याच्या काठाला लावा, काढा. दहा वेळा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा, शेकड्याने करायचं. खांदा दुखला की लगेच थांबा. आणि आई, त्यांना उठवताना डावा हात धरून ओढू नकोस, खांद्याला फार जपावं लागतं.

रविवारी सकाळी फोन करते. बाबा, शर्ट तेव्हाच घाला. पाचही बटणं लागेपर्यंत मी फोन धरून बसेन. आई, तू माझ्याशी बोलत राहा.

तुमची लेक