कार्ड मेलेलं नव्हतं, दादा

एम. जी. रोडवरच्या दुकानातल्या दादांस,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी गडबडीत धड आभारही मानले नाहीत, म्हणून हे उघड पत्र. नाव लिहीत नाही, तुम्हाला कळेलच.

2003च्या सिंहस्थात मी रामकुंडावर शूटिंग केलं होतं. अठरा मिनी-डीव्ही कॅसेट. एकीत आई आहे, ओला पदर पिळत पायऱ्या चढणारी. आई आता नाही. पुढचा सिंहस्थ तोंडावर आला तेव्हा त्या कॅसेट संगणकावर उतरवायला घेतल्या. माझ्या कॅमेऱ्याच्या यूएसबीतून फक्त फोटो निघतात, व्हिडिओला फायरवायरच, म्हणजे एक वेगळी जुनी केबल-जोडणी लागते. जुन्या संगणकातलं फायरवायर कार्ड काढून नव्यात बसवलं, तर ते विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, दिसेचना. ज्यांच्याकडून संगणक घेतला, त्यांनी हातही न लावता सांगितलं, कार्ड मेलंय.

तुम्ही आधी ते तुमच्या जुन्या मशीनला लावून पाहिलं. लगेच दिसलं! तिथेच माझ्या जिवात जीव आला. मग तुम्ही मदरबोर्डची पुस्तिका मागवलीत आणि गिऱ्हाईक थांबलेलं असताना बारीक अक्षरातली एक ओळ शोधून काढलीत: दुसऱ्या एम-टू जागेत (मदरबोर्डवरच्या एका खाचेत) एसएसडी, म्हणजे डेटा साठवायची पट्टी, असेल, तर कार्डासाठीचा खालचा छोटा स्लॉट बंद राहतो. माझी एसएसडी नेमकी तिथेच होती. ग्राफिक्स कार्डाचा लांब स्लॉट रिकामा होता, त्यात तुम्ही हे छोटं कार्ड बसवलंत. छोटं एक्स-वन कार्ड लांब एक्स-सिक्स्टीन स्लॉटमध्ये चालतं, हे इतकी वर्षं संगणक वापरूनही मला ठाऊक नव्हतं.

तरी कॅप्चर, म्हणजे कॅसेट संगणकावर उतरवणं, मध्येच अडकत होतं. विंडोज 8पासून फायरवायरचा जुना लेगसी ड्रायव्हर सोबत येत नाही, तो मायक्रोसॉफ्टकडून वेगळा घ्यावा लागतो, हेही तुम्हीच सांगितलंत आणि तो संगणकात बसवूनही दिलात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा बघायचं, ही तुमची पद्धत मी शेजारी बसून पाहिली. नवं कार्ड माझ्या गळ्यात मारणं तुम्हाला किती सोपं होतं!

काल आईची कॅसेट उतरली. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, फाइल साधारण 13 जीबीची होते. तो तासभर मी खुर्चीतून हललो नाही.

‘आई दिसल्या की मलाही दाखवा’ म्हणाला होतात. शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन येतो.

आपला,
पंचवटीतला कॅसेटवाला