लग्नाच्या शूटिंगवाल्या भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

कापसाच्या वेचणीवरची आमची शॉर्टफिल्म पूर्ण झाली. शेवटच्या पाटीत तुमच्या स्टुडिओचं नाव टाकलं, पण तेवढ्यानं भागलं नाही. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

एडिटिंग तुम्हीच करून द्याल असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही माउसला हातही लावला नाही. खुर्ची ओढून बसलात आणि प्रत्येक कटला विचारत राहिलात, "इथं कात्री काहून मारली, थे सांग." 'लांबलं म्हणून' हे उत्तर तुम्हाला कधीच चाललं नाही. बाबांनी मान वळवली, त्यांना काय दिसलं ते बघायची घाई झाली, म्हणून कट, हे चाललं.

वजनकाट्याचा सीन त्यातूनच उभा राहिला. बाबांचा चेहरा, काट्यावरचा आकडा, पुन्हा तोच चेहरा. बाबांनी ॲक्टिंग म्हणून काहीच केलं नाही, तरी बघणारे म्हणतात, काय टेन्शन दाखवलं! कुलेशोव्ह नावाच्या रशियन दिग्दर्शकानं शंभरेक वर्षांपूर्वी निर्विकार चेहऱ्याला कधी सूपची वाटी, कधी शवपेटी जोडून हाच प्रयोग केला होता, हे मला नंतर कळलं. तुम्ही त्याचं नाव न घेताच शिकवलंत. बाबा आणि व्यापारी यांच्यामधून पायानं मातीत रेघ ओढलीत, कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायला लावलात. म्हणून पडद्यावर दोघं एकमेकांकडेच बघतात.

लग्नाच्या शूटिंगला लोक हसतात. मला ते पटत नाही. अक्षता पडतात त्याला रिटेक नसतो, म्हणून तुमचा कॅमेरा आधीच सुरू असतो आणि नंतरही लगेच बंद होत नाही. शॉटच्या आधी-नंतर चार-पाच सेकंद मोकळे सोडायची सवय तुम्ही आम्हालाही लावलीत. काकू ओटी रिकामी करून कंबर सरळ करतात, तो फिल्ममधला सगळ्यात चांगला शॉट 'कट' म्हटल्यानंतरचा आहे!

आवाजाचं तर काय सांगू. कापसाची पऱ्हाटी दिसत असतानाच सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मशीनची घरघर सुरू होते आणि चित्र मागून येतं, ही कल्पना तुमचीच. शेतातला नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करायला लावलात. तो संवादांखाली अंथरला आणि सांधे ऐकूच येईनात. ट्यूबलाइटखाली चित्र फडफडायचं, तेही तुम्ही एका वाक्यात सोडवलं: आपली वीज ५० हर्ट्झची, शटर १/५० ठेवा.

आणि हे सगळं तुळशीच्या लग्नानंतर, ऐन तुमच्या कमाईच्या दिवसांत. पैशाचा विषय काढला की तुम्ही चहा मागवायचे.

तुमची हार्ड डिस्क बाजाराच्या दिवशी आणून देते. त्यात फिल्मची कॉपी आहे, वहिनींनाही दाखवा. आईनं घरची तुरीची डाळ दिली आहे, तिला मात्र नाही म्हणू नका.

तुमची,
कॅमेऱ्यामागची पोरगी