बायोगॅस प्लांट सोमवारपासून बंद: ओल्या कचऱ्याबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

वार्षिक देखभालीसाठी आपला ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा बायोगॅस प्लांट येत्या सोमवार ते शनिवार पूर्ण बंद राहील. टाकीच्या तळाशी गाळ साचल्याने गॅस कमी येतोय. त्यात सहज न कुजणारी अंड्याची टरफलं, हाडं आणि नारळाच्या शेंड्या किती निघतील, हे वेगळं सांगायला नको!

या दिवसांत ओला कचरा पालिकेच्या गाडीत जाईल. बादली सकाळी ८ च्या आत दाराबाहेर ठेवा, सुका कचरा वेगळाच हवा. प्लांटचा गॅस नसल्याने क्लबहाऊसमध्ये तोवर सिलिंडर वापरू.

टाकी उघडल्यावर सडक्या अंड्यांसारखा वास येईल. तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू विषारी असतो आणि प्रमाण वाढलं की नाकाला वासच कळेनासा होतो. सोबतचा मिथेन पेट घेतो. म्हणून मुलांना तिकडे खेळायला सोडू नका, विडी-सिगारेट तर अजिबात नको. कामगार टाकीत उतरणार नाहीत, गाळ पंपानेच उपसायचा, हे कंत्राटदाराकडून लेखी घेतलंय.

रविवारी ताजं शेण कालवून टाकी भरू. गॅस तयार करणारे जिवाणू वाढायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर कचरा थोडा थोडाच घालू. लिंबू-मोसंबीच्या साली तेवढे दिवस बादलीत टाकू नका. आंबटपणा वाढला की गॅस कमी होतो.

– सचिव, व्यवस्थापन समिती