‘सुटका’ झालेली बाई कुठे जाते?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘लॉजवर छापा, तीन महिलांची सुटका’ ही बातमी आपल्या जिल्हा पानावर अधूनमधून येतेच. बनावट ग्राहक पाठवून खात्री केली, पंचांसमक्ष छापा टाकला, मॅनेजरला अटक झाली, पिटाखाली गुन्हा दाखल, पुढील तपास सुरू. बातमी इथे संपते. सुटका झालेल्या तिघी त्या रात्री कुठे झोपल्या आणि पुढचे सहा महिने कुठे होत्या, हे कुणी विचारत नाही. छाप्यात सापडलेल्या बायकांची कोर्टातली कामे पाहणाऱ्या आम्ही काही वकील आणि कार्यकर्त्या आहोत, म्हणून त्या पुढच्या भागाविषयी लिहितो.

पिटा म्हणजे अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणे हा या कायद्यात मुळात गुन्हा नाही. तरीही तिला वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ कोंडण्याची सोय त्याच्याच कलम १७ मध्ये आहे. छाप्यात सापडलेल्या बाईला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करतात. दंडाधिकारी चौकशी लावतात: तिचे वय, चारित्र्य, पूर्वीचे आयुष्य आणि आईवडील किंवा नवरा तिचा ताबा घ्यायला लायक आहेत का. चौकशी होईपर्यंत तिला ठेवण्याची कमाल मुदत तीन आठवड्यांची. चौकशीनंतर तिला ‘देखभाल व संरक्षणाची गरज’ आहे असे दिसले, तर कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त तीन वर्षे संरक्षणगृहात. तिला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी असे कलम म्हणते, पण सज्ञान बाईला तिच्या इच्छेविरुद्ध ठेवू नये, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही.

आता ही चौकशी जवळून पाहा. परिविक्षा अधिकारी बाईने सांगितलेल्या पत्त्यावर, तिच्या गावी जातात. गावात अनोळखी सरकारी माणूस आला की चार घरे गोळा होतात. मुलगी पुण्यात कंपनीत कामाला आहे असे ज्या आईला वाटत होते, तिला दारातच कळते की मुलगी कुठे सापडली. भाऊ म्हणतो, आमचा तिच्याशी संबंध नाही. अहवालात ओळ येते, ‘कुटुंबीय ताबा घेण्यास तयार नाहीत’, आणि त्या एका ओळीवर पस्तीस वर्षांच्या, दोन मुलांच्या आईचा मुक्काम वाढतो. ज्या नवऱ्याच्या मारहाणीमुळे ती घर सोडून निघाली, त्याचीच सही कधी कधी सुटण्यासाठी लागते. ‘ताबा’ हा शब्द आपण एरवी जमिनीसाठी किंवा लहान मुलासाठी वापरतो.

इकडे तिच्या खोलीचे भाडे चढत असते. मूल शेजारणीकडे असते. खासगी सावकाराचे व्याज दिवसाच्या हिशेबाने वाढते. कागद करून देतो म्हणणारे दलाल कोर्टाच्या आवारात उभेच असतात, त्यांना पैसे पुरवते ती बहुतेक वेळा घरवाली, म्हणजे कुंटणखाना चालवणारी बाई, आणि तो खर्च बाईच्या नावावर मांडला जातो. बाहेर आलेली बाई आत गेली त्याहून जास्त कर्जात असते, आणि ते कर्ज त्याच धंद्यात, आता घरवालीच्या अटींवर फेडते. छाप्याने तिची मोकळीक वाढण्याऐवजी आणखी कमी होते, ती अशी.

मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये अशाच तीन तरुणींना संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश रद्द केला. या कायद्याखाली वेश्याव्यवसाय हा स्वतःहून गुन्हा नाही आणि सज्ञान बाईला तिच्या इच्छेविरुद्ध असे अडकवून ठेवता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. पण त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. जिल्ह्याच्या ठिकाणी कलम १७ चे आदेश आजही ठरलेल्या नमुन्यात निघतात.

कायद्याचे दुसरे टोक याहून कमी लोकांना ठाऊक आहे. त्यात बाईला खरोखर उपयोगी असे एक कलम आहे, कलम ६. बाईला धंद्याच्या जागी डांबून ठेवणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तिचे दागिने, कपडे, पैसे अडवून ठेवले तर तिला डांबूनच ठेवले आहे असे कायदा गृहीत धरतो. आणि तिला डांबणारा ‘हिच्याकडून इतके येणे आहे’ असा वसुलीचा दावा तिच्यावर लावूच शकत नाही. उसनवारीने जखडलेल्या बाईसाठी याहून मोठे हत्यार नाही. पण ते म्यानातच राहते.

का, ते त्याच कायद्याच्या कलम २ मध्ये पाहावे. कुंटणखाना म्हणजे दुसऱ्याच्या फायद्यासाठी चालवलेली जागा, हे समजू शकते. पण व्याख्या तिथे थांबत नाही. दोन किंवा अधिक बायकांच्या ‘परस्पर फायद्यासाठी’ वापरलेली खोलीसुद्धा कुंटणखाना ठरते. म्हणजे घरवालीच्या हाताखाली नको म्हणून दोघी मैत्रिणींनी मिळून खोली घेतली, भाडे निम्मे-निम्मे वाटले, एकीचे गिऱ्हाईक असताना दुसरी बाहेर लक्ष ठेवून बसली, की दोघी कुंटणखाना चालवतात. पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षे सक्तमजुरी. जाणूनबुजून खोली देणाऱ्या घरमालकाला दोन वर्षांपर्यंत. त्यामुळे कुणी घरमालक भाडेकरार करत नाही, पावती देत नाही आणि भाडे मात्र मनाला येईल ते लावतो. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून रेशनकार्ड अडते, बँकेतले खाते अडते. बचत मग घरवालीकडेच ठेवावी लागते.

अशा बाईला गिऱ्हाइकाने मारले, गुंडाने हप्ता मागितला किंवा घरवालीने पैसे दाबले, तर फिर्याद द्यायला पोलीस ठाण्यात काय सांगावे लागते? घटना कुठे घडली ते. तिने पत्ता दिला की तो पत्ता कुंटणखाना म्हणून नोंदला जाऊ शकतो, कलम १८ खाली सात दिवसांची नोटीस देऊन ती जागा बंद होऊ शकते आणि बरोबरच्या चौघी रस्त्यावर येतात. म्हणून ती फिर्याद देत नाही. हे मारणाऱ्याला आणि हप्ता मागणाऱ्याला पक्के ठाऊक असते. एकाच कायद्याचा शिक्षा करणारा भाग त्याच कायद्याच्या संरक्षण देणाऱ्या भागाला असा खाऊन टाकतो. आमचे मुख्य म्हणणे हेच आहे.

कलम ४ घ्या. वेश्येच्या कमाईवर ‘पूर्णतः किंवा अंशतः’ जगणारी १८ वर्षांवरील कोणतीही व्यक्ती दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र. आईच्या पैशांवर शिकणारा मुलगा अठरावा वाढदिवस साजरा करतो त्या दिवशी कायद्याच्या भाषेत गुन्हेगार होतो. तिच्या औषधपाण्यावर जगणारी म्हातारी आईही होते. कलम ७ प्रमाणे देऊळ, मशीद, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांपासून २०० मीटरच्या आत धंदा केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. आपल्या जुन्या पेठांतली अशी एक गल्ली दाखवावी, जिथे २०० मीटरमध्ये यातले काहीच नाही. कलम ८ प्रमाणे खाणाखुणा करून बोलावणे हा गुन्हा, मग ती स्वतःच्या घराच्या खिडकीत का उभी असेना. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद. हाच गुन्हा पुरुषाने केला तर कमाल शिक्षा तीन महिन्यांची! पिटा लावायचा नसेल तेव्हा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ११० आणि ११७ हाताशी असतेच. सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन म्हणून नोंद, दंड, आणि धंद्याची रात्र चौकीत.

कंडोमबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण इथे कायदा अगदी स्पष्ट असून तो पाळला जात नाही. छाप्याच्या पंचनाम्यात नोटांच्या क्रमांकांखाली ‘कंडोमची पाकिटे, इतके नग’ ही नोंद मुद्देमाल म्हणून अजूनही दिसते. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही व एड्स कायद्याचे कलम २२ सांगते, की एचआयव्हीचा धोका कमी करण्याचा कोणताही उपाय, इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी, गुन्हा ठरणार नाही. त्या कलमाखालचे उदाहरणच सेक्स वर्कर आणि तिच्या गिऱ्हाइकाला कंडोम पुरवण्याचे आहे. सरकारच एड्स नियंत्रण संस्थेमार्फत ही पाकिटे वाटते आणि सरकारच ती जप्त करते. मग घरवाली सांगते, खोलीत पाकीट ठेवू नका, आणि जे व्हायचे तेच होते. पिटाच्या कलम १५ मध्ये छाप्यातल्या बाईची गुप्तरोगांसाठी तपासणी सांगितली आहे. तिच्या नावाखाली संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी उरकली जात असेल, तर तेही याच कायद्याविरुद्ध आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी दिलेल्या आदेशाविषयी एक गैरसमज वृत्तपत्रांनीच पसरवला, अर्थात चांगल्या हेतूने. ‘सज्ञान सेक्स वर्करवर पोलिसांनी कारवाई करू नये, न्यायालयाचा आदेश’ असे मथळे आले. न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या दहा शिफारशी त्या आदेशात आहेत. केंद्र सरकारने त्यांतल्या चारांबद्दल हरकत नोंदवली आणि उरलेल्या सहांची अंमलबजावणी करण्याचे निर्देश न्यायालयाने दिले. पोलिसांनी सज्ञान व संमतीने धंदा करणाऱ्या बाईच्या वाटेला जाऊ नये, छाप्यात तिला अटक किंवा त्रास होऊ नये, मुलाला आईपासून तोडू नये, या शिफारशी नेमक्या त्या अडलेल्या चारांत आहेत. हा मथळा वाचून निर्धास्त झालेल्या बाईला पोलीस ठाण्यात वेगळेच उत्तर मिळते.

पण त्या सहा निर्देशांतही पुष्कळ काही आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या सेक्स वर्करला इतर कुणाही बाईइतकीच तातडीची वैद्यकीय मदत. संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांची मुदतीत सुटका. पोलिसांनी शिवीगाळ वा मारहाण करू नये. कंडोम पुरावा मानू नये. छाप्यात नावे, चेहरे उघड करू नयेत. विधी सेवा प्राधिकरणाने तिला तिचे हक्क समजावून सांगावेत. याशिवाय आधार कार्ड पत्त्याच्या पुराव्याअभावी अडू नये म्हणून नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) राजपत्रित अधिकाऱ्याचे किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांचे प्रमाणपत्र चालेल आणि कार्डावर धंद्याची कोणतीही खूण असणार नाही, हेही आदेशात आहे. यासाठी संसदेने काही करण्याची गरज नाही. गृह विभागाचे एक परिपत्रक आणि महिला व बालविकास विभागाची एक पाहणी पुरेशी आहे.

कायद्यात मात्र बदल हवाच. मागणी परवान्याची नाही, हे नीट सांगायला हवे, कारण चर्चेत नेहमी तिथेच घोळ होतो. परवाना म्हणजे नोंदणी, सक्तीची तपासणी, ठरवून दिलेली वस्ती. ज्यांना नोंदणी जमत नाही त्या पुन्हा बेकायदा. आम्ही म्हणतो ते एवढेच, की सज्ञान व्यक्तीच्या संमतीच्या व्यवहाराला फौजदारी कायद्यातून वगळा आणि बाकीचे गुन्हे गुन्हेच ठेवा. न्यूझीलंडने २००३ मध्ये तसा कायदा केला. तिथे चार बायकांपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर, कुणी मालक नसताना, एकत्र काम करू शकतात. आपल्याकडची ‘परस्पर फायद्या’ची व्याख्या नेमकी ह्यालाच गुन्हा मानते. त्यामुळे कलम २ मधील तेवढे शब्द, कलम ८, बाईला वस्तीतून हुसकावण्याचे कलम २० आणि सज्ञान मुले व आईवडिलांना लागू होणारे कलम ४ आधी जायला हवे. कलम १७ खाली सज्ञान बाईला ठेवायचे तर तिची लेखी संमती लागावी. हे काही अचाट नाही. केंद्र सरकारने २००६ मध्ये आणलेल्या दुरुस्ती विधेयकात कलम ८ आणि २० रद्द करण्याची तरतूद होतीच. त्याच विधेयकात गिऱ्हाइकाला शिक्षा करण्याचे कलम घुसवले, त्यावर वाद झाला आणि लोकसभेची मुदत संपताच विधेयक बारगळले.

मग मानवी तस्करीचे काय, हा प्रश्न येतोच आणि तो योग्य आहे. तस्करीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम १४३ आणि १४४ आहेत, अल्पवयीनांसाठी पोक्सो आहे, पिटाची कलमे ५ व ६ आहेत. यातले एकही काढा असे कुणी म्हणत नाही. वस्तीत नवीन, अल्पवयीन, रडणारी मुलगी आणली तर ते सगळ्यात आधी बाजूच्या खोलीतल्या बाईला कळते. तिने पोलिसांना फोन करावा असे वाटत असेल, तर त्या फोनमुळे तिचे स्वतःचे घर जाणार नाही याची खात्री तिला हवी.

वस्त्याच उठवल्या तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. २००४ च्या जूनमध्ये गोव्यात वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरची घरे पाडली आणि बायका लॉज, भाड्याच्या खोल्या, दुसरी शहरे अशा पांगल्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नागपूरच्या गंगा-जमुना वस्तीला पोलिसांनी बॅरिकेड लावले. धंदा दोन्हीकडे संपला नाही. एका ठिकाणी असताना एकमेकींचा, आरोग्य कार्यकर्तीचा, ओळखीच्या दुकानदाराचा जो आधार होता तो गेला.

तोवर छाप्यात सापडणाऱ्या बाईला माहीत असावे म्हणून थोडे. छाप्याला किमान दोन महिला पोलीस हव्यात आणि पंचांत किमान एक स्त्री हवी. विचारपूस महिला पोलिसांनीच करायची, त्या नसतील तर मान्यताप्राप्त संस्थेच्या महिला सदस्यासमोर. इंग्रजीत किंवा न वाचता आलेल्या कागदावर सही करू नये. वयाचा पुरावा, अगदी फोनमधला फोटो चालेल, पण जवळ असावा, कारण ‘अल्पवयीन असल्याचा संशय’ म्हणून बराच वेळ जातो. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील कोणत्याही बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो. १५१०० या क्रमांकावर किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे मागावा. दंडाधिकाऱ्यांपुढे ‘मी सज्ञान आहे, मला माझ्या पत्त्यावर जायचे आहे’ हे स्वतःच्या तोंडाने सांगावे आणि नोंदवून घ्यायला लावावे. पुढे सत्र न्यायालयात जाताना त्या नोंदीचाच आधार मिळतो.

आणि संपादक महोदय, एक विनंती आपल्याला. तोंडाला ओढणी बांधलेल्या बायकांना रांगेत बसवून काढलेला फोटो छापू नका. ओढणीच्या काठावरून, पायातल्या जोडव्यांवरून, हातावरच्या गोंदणावरून गावातली माणसे ओळखतात. ‘सुटका’ असे लिहायचेच असेल, तर तीन आठवड्यांनी आपल्या बातमीदाराला पुन्हा त्या कोर्टात पाठवा आणि त्या बाया कुठे आहेत, तेही छापा.

आपल्या,
छाप्यातील महिलांना कायदेशीर मदत करणाऱ्या काही वकील व कार्यकर्त्या
सांगली