वरळीच्या कॅमेरामन काकांना, १९३७ सालच्या एका नाटकाबद्दल

ती. काका,
सा. न. वि. वि.

दिवाळी अंकातला लेख छापून आला. शेवटी तुमचे आभार मानायचे होते, पण ‘माझं नाव कुठेही घालायचं नाही’ अशी तुमची सक्त ताकीद. ती पाळली. उघड पत्र लिहू नकोस असं मात्र तुम्ही म्हणाला नव्हतात, म्हणून ही पळवाट.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ११ नोव्हेंबर १९३७ रोजी, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामदिनी, बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून आर. सी. शेरीफ यांचं ‘जर्नीज एंड’ हे नाटक टीव्हीवर थेट दाखवलं. निर्माते जॉर्ज मोर ओ’फेरल, कॅप्टन स्टॅनहोपच्या भूमिकेत रेजिनाल्ड टेट. नियमित टीव्ही सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. संच लंडन आणि आसपासच्या मोजक्या घरांत. चित्र मुद्रित करून ठेवायची सोयच नव्हती, त्यामुळे हवेत गेलं ते गेलं. आज हाती उरतात ती छायाचित्रं आणि कागद. एवढ्यावर मी लेख लिहायला बसले होते आणि कोणीतरी तुमचा नंबर दिला.

तुम्ही नाटकाचं कथानक विचारलंच नाहीत. पहिला प्रश्न होता, ‘उजेड किती लागायचा?’ मला तो अवांतर वाटला नाही हे माझं नशीब, कारण पुढचा अख्खा लेख त्या प्रश्नावर उभा राहिला. नाटक घडतं मार्च १९१८मध्ये, फ्रान्समधल्या सेंट क्वेंटिनजवळ, अधिकाऱ्यांच्या जमिनीखालच्या खोलीत. उजेड मेणबत्त्यांचा. आणि समोर तो एमिट्रॉन, म्हणजे बीबीसीचा तेव्हाचा टीव्ही कॅमेरा, उजेडाला हावरट. ‘अंधार दाखवायला सुद्धा उजेडच ओतावा लागतो गं,’ असं म्हणून तुम्ही हसलात. मग त्या दिव्यांखाली लोकरीचे लष्करी गणवेश घालून उभ्या असलेल्या नटांचं काय होत असेल, ते तुमच्या तरुणपणीच्या स्टुडिओतल्या उकाड्यावरून सांगितलंत. स्टॅनहोप घाबरटपणा लपवायला व्हिस्की पितो हे मी वाचलं होतं. तो घामाने निथळत असणार, आणि तो घाम भूमिकेला शोभून दिसला असणार, हे तुमच्यामुळे सुचलं.

दुसरी गोष्ट भिंगाची. त्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र उलटं दिसायचं, हे वाक्य मी टिपून ठेवलं होतं. तुम्ही खोलीतले दिवे बंद केलेत, भिंग आणि पांढरा कागद घेऊन समोरचा रस्ता कागदावर उलटा पाडलात आणि म्हणालात, ‘आता त्या स्कूटरवाल्याच्या मागे जा बघू.’ मी भिंग नेमकं भलतीकडे सरकवत राहिले. त्या माणसांनी अख्खं नाटक असं केलं, तेही चुकलं तर पुन्हा घेण्याची मुभा नसताना. शिवाय एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना आजच्यासारखा झटक्यात कट नाही. एक चित्र विरघळत दुसरं उमटायचं. म्हणजे दोघांच्या वादात प्रत्येक वाक्याला चेहरा बदलायची चैन गेली. ज्याच्यावर कॅमेरा आहे त्याला बोलू द्या, नाहीतर ऐकू द्या. मला वाटतं, या नाटकाला ते मानवलंच असेल. त्यात लढाई थोडी, हल्ला कधी होणार याची वाट बघणं फार.

यावर आपलं थोडं वाजलं होतं. माझं म्हणणं, ओ’फेरल यांनी नाटक हुशारीने निवडलं: एकच जागा, सगळे पुरुष, युद्ध बाहेर आणि माणसं आत. तुमचं म्हणणं, ‘निर्माता आधी केबलची लांबी बघतो, मग लेखक.’ लेखात दोन्ही ठेवलंय.

सर्वांत मोठं देणं मात्र फिल्मच्या तुकड्यांचं. या नाटकात शत्रूच्या खंदकावर छापा घालतात, पण रंगमंचावर तो प्रेक्षकांना दिसत नाही. माणसं वर जातात, आवाज येतात, स्टॅनहोपचा सहकारी ऑस्बॉर्न परत येत नाही. टीव्हीवर मात्र मध्ये दिग्दर्शक पाब्स्टच्या ‘वेस्टफ्रंट १९१८’ या १९३० सालच्या जर्मन चित्रपटातली लढाईची दृश्यं घातली होती. मी खूश होते ती यातल्या विरोधाभासावर. इंग्रजांचं दुःख सांगायला जर्मनांचा चित्रपट! तुम्ही घड्याळाकडे बघितलंत. ‘फिल्म चालू आहे तेवढ्यात फ्लोअरवर काय चाललंय?’ मग तुम्हीच उत्तर दिलंत: कॅमेरे नव्या जागी ढकलायचे, छाप्यातून परतणाऱ्या तरुण अधिकारी रॅलेच्या हाताला रक्त लावायचं, कोणीतरी पाणी प्यायचं, फ्लोअर मॅनेजरने बोटांवर सेकंद मोजायचे. हा तुमचा तर्क आहे, आणि तो तर्क म्हणूनच छापलाय. पण हातातल्या कागदांत मला असा जिवंत परिच्छेद एकही सापडला नव्हता.

जागेअभावी गाळलेलं तुम्हाला इथेच सांगते, कारण तुम्हाला इमारतींचं वेड. ज्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये हे नाटक झालं, तिथेच पहिल्या महायुद्धात जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना डांबून ठेवलं होतं. पुढे १ सप्टेंबर १९३९ला टीव्ही बंद झाला तो थेट ७ जून १९४६पर्यंत. मधल्या काळात तिथलाच ट्रान्समीटर जर्मन बॉम्बफेकी विमानांना वाट दाखवणाऱ्या रेडिओ लहरींत गोंधळ घालायला वापरला. ऐकून तुम्ही म्हणाल, ‘ट्रान्समीटर कोणाचा असो, इंजिनियरला कामाला लावलंच!’

अंकाच्या दोन प्रती कुरिअरने पाठवल्यात, एक तुमच्या नातवासाठी. आता माझा पुढचा हट्ट. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, आणि तुम्ही तेव्हाच्या गोष्टी चहाच्या ओघात सांगून टाकता, त्या कुठे नोंदलेल्या नाहीत. डिसेंबरमध्ये रेकॉर्डर घेऊन येते. नाव घालायचं नसेल तर नको, पण बोलायला नाही म्हणू नका. काकूंना नमस्कार, आणि त्यांना सांगा, भिंग माझ्याकडेच राहिलंय, येताना आणते.

आपली,
लेखवाली