ठेका बदलला म्हणून बिघडलं कुठं?

विश्रामबाग, सांगली

प्रिय सन्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. न्यूयॉर्कच्या त्या बँडबद्दल, 'लय उतरवून प्राँगनं हार्डकोरशी, त्या सुसाट पंकशी, गद्दारी केली' हे तू इतक्या ठसक्यात म्हणालास, की म्हटलं याच्याशी कागदावरच भांडावं. फोनवर तू पुढच्याला बोलू देत नाहीस.

काल रात्री त्यांच्या रेकॉर्ड काढल्या. आधी 'प्रिमिटिव्ह ओरिजिन्स' (१९८७) लावला, मग 'फोर्स फेड', आणि शेवटी तुझा नावडता 'बेग टू डिफर' (१९९०). पहिल्यात नुसती धावाधाव. मजा आहे, नाही असं नाही. पण तिसऱ्याचं टायटल गाणं सुरू झालं आणि मी टेबलावर बोटं आपटायला लागलो. तळवा तारांवर दाबून काढलेले ते तुटक, कोरडे आघात, मधेच तारेचा एक किंचाळणारा उंच सूर (हार्मोनिक), आणि मग चक्क काहीच नाही. त्या रिकाम्या जागेत स्नेअर ड्रम येतो तो थेट कानशिलात. आणि गिटार एकच आहे बरं का! तिघांचा बँड, लपायला जागा नाही.

तू म्हणतोस एपिकसारखी मोठी कंपनी मिळाली आणि हे मेटलवाल्यांच्या मागं लागले. कुणाच्या मागं? पँटेरा या मेटल बँडचा 'काउबॉइज फ्रॉम हेल'सुद्धा १९९० चाच, तोही प्राँगनंतर काही महिन्यांनी आलेला. हा ठेका प्राँगच्या घरातच होता. त्यांचा ड्रमर टेड पार्सन्स आधी स्वॉन्स या बँडमध्ये वाजवायचा, आणि स्वॉन्स म्हणजे घणाचे घाव, एकेक मोजून. गिटारवाला आणि गायक टॉमी व्हिक्टर न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबात साउंड सांभाळायचा. रविवारी दुपारी तिथं हार्डकोरचे शो व्हायचे. मिक्सरमागं उभं राहून इतके बँड ऐकल्यावर माणसाला कळत असणारच, की लहानशा हॉलमध्ये सुसाट वाजवलेल्या रिफचा, म्हणजे गिटारच्या त्या फिरून फिरून येणाऱ्या तुकड्याचा, नुसता गोंगाट होतो आणि थांबून मारलेला एकच फटका शेवटच्या माणसापर्यंत पोचतो. हा आपला माझा तर्क.

आणि लय उतरली म्हणजे दम गेला, हे तू म्हणावंस? मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीत सभेला रात्र-रात्र मांडी घालून बसणारा तू! विलंबितात तबलजी दोन मात्रांच्या मधली जागा कशी धरून ठेवतो, ते मला तूच कोपर मारून दाखवायचास. द्रुतात हात तयार असला की निभावून जातं, ठाय लयीत सगळं उघडं पडतं. पार्सन्सचं तेच आहे.

एक मात्र मान्य. व्हिक्टरचा आवाज बऱ्याचदा एकाच पट्टीत ओरडतो आणि शेवटाकडं दोन-तीन गाणी एकमेकांत मिसळून जातात. 'क्लेन्झिंग' (१९९४) जास्त घोटीव आहे, त्याला निर्माता टेरी डेट होता, पँटेरावालाच. तिथं 'मेटलकडं गेले' म्हणालास तर मी गप्प बसेन. 'बेग टू डिफर'वर नाही. त्यात अजून हार्डकोरचा तुसडेपणा आहे, गाणी लांबण लावत नाहीत, सोलोची मिरवणूक नाही.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं असशील तर आधी हेडफोन लाव. बेस ऐकू येत नसेल तर तुझ्या मताला काय अर्थ?

दिवाळीला येतोयस ना? आई विचारत होती. आणि माझं डिस्टॉर्शन पेडल घेऊन ये, कधीपासून तुझ्याकडंच पडलंय. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
दिप्या